दाणा लागला तर मादी

मगर-पत्रकात 'शेरा' या शब्दापुढे दीड ओळ जागा असते. खाली बारीक अक्षरात छापलेलं आहे : वीस शब्दांत लिहावे. बारा वर्षं मी त्या दीड ओळीत बसले. 'स्वभाव शांत.' 'शेपटीला जुनी जखम.' 'सोडताच सरळ पाण्यात.' आता बसत नाही. म्हणून या पाच पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजू वापरते आहे. मंडळात जो कोणी हे वाचेल त्यानं पान उलटावं.

पत्रक क्र. ५२
दिनांक : २० जानेवारी, सकाळी ९.४०
ठिकाण : मळीगाव, कृष्णेचं वाळूचं बेट
लांबी : २ मीटर ७१ सेंमी
लिंग : मादी
नरमान : लागू नाही
शेरा : मागच्या पायाला जाळ्याचा काच. उपचारासाठी टाकीत ठेवली. मागे पाहा.

(मागे)

मी वैजयंती चौगुले. मूळची पशुधन पर्यवेक्षक. म्हशीच्या आत कोपरापर्यंत हात घालून ती गाभण आहे की भाकड, हे मी पंधरा वर्षं सांगत होते, आणि चुकत नव्हते. नदीस्वास्थ्य मंडळाला मगरींसाठी असाच हात हवा होता. त्यांनी मला उचललं.

काम असं असतं. वाळूवर पिंजरा, आत कोंबडी. मगर अडकली की जबड्याला दोरी आणि चिकटपट्टी, डोळ्यांवर ओलं पोतं. डोळे झाकले की एवढं धूड गप पडतं. मग चौघांनी मिळून उताणं करायचं. शेपटीच्या बुडाशी एक फट असते. विष्ठा, अंडी, सगळ्याला तीच वाट. नराचं इंद्रियही तिच्याच आत दडलेलं असतं, त्यामुळे वरून बघून नर कोण नि मादी कोण हे कळत नाही. हातमोजा चढवून, तेल लावून, बोट आत सारावं लागतं.

"बोट लागलं तर नर, दाणा लागला तर मादी." बोट म्हणजे नराचं इंद्रिय, दाणा म्हणजे मादीचं तेवढंसं टोक. हे वाक्य माझं आहे. मंडळाच्या प्रशिक्षण केंद्रात ते भिंतीवर रंगवलंय.

५२ नंबरला दाणा लागला. तिला टाकीत सोडलं, घरी आले, जेवले आणि का कोण जाणे, आजवरची सगळी पत्रकं सोप्यात पसरली. बावन्न मगरी. त्रेचाळीस माद्या, नऊ नर. नऊच्या नऊ नर धडधाकट.

तेव्हा पहिल्यांदा खटकलं. बारा वर्षांत मला एकही वाईट नर सापडलेला नाही. शाळेच्या एका वर्गातसुद्धा दोन-तीन पोरं किडकिडीत असतात. इथं नऊपैकी नऊ पैलवान.

मग वाईट नर गेले कुठं?

ज्यांना नरमान म्हणजे काय माहीत नाही असं आता कोणी उरलं नसेल, तरी लिहिते. मगर चाळीस-पन्नास वर्षं जगते आणि बहुतेक सगळं आयुष्य नदीच्या त्याच दोन-तीन मैलांत काढते. तिथलेच मासे खाते, तिथलंच पाणी पिते. पाण्यात जे जातं ते तिच्या अंगात साठत जातं. रंग, तणनाशकं, प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं, यांतली काही शरीराला चकवतात. मादीच्या संप्रेरकाचं सोंग घेऊन आत शिरतात. नराचं इंद्रिय अंड्यात असल्यापासून पुरुष संप्रेरकाच्या हुकमावर वाढतं. हुकूम पोचलाच नाही तर ते खुरटं राहतं. पाण्याचा नमुना फक्त आजचं सांगतो. मगरीचं इंद्रिय तीस वर्षांचं सांगतं.

चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी नदीकाठच्या गावांतल्या पुरुषांच्या वीर्याच्या तपासण्या आणि तिथल्या नर मगरींची मापं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. इंद्रियाच्या लांबीला डोक्याच्या लांबीनं भागलं की येतं ते नरमान. पाव किंवा त्याच्या वर असलं की गाव 'अ' श्रेणीत. तिथून खाली ब, क, ड. दर तीन वर्षांनी मंडळ दाखला देतं.

दाखला नदीसाठी होता. चिकटला तो पोरांना.

मळीगाव चार वेळा 'अ'. यंदाही 'अ' राहिलं तर दोन गोष्टी होणार. वरच्या अंगाला जो रंगाचा कारखाना आहे त्याला नदीत दुसरी नळी सोडायची परवानगी मिळणार, कारण 'अ' पट्ट्यातली नदी आणखी सोसू शकते असं नियम म्हणतो. आणि बावीस फेब्रुवारीला माझ्या मुलाचं, श्रेयांसचं, लग्न होणार. मंडळाची सही दहा तारखेला. सह्या दोन लागतात : पशुवैद्य डॉ. शिरगावे आणि मी.

मुलगी बघायला कोरेवाडीला गेलो होतो, ते दिवाळीनंतर. प्रणाली शेतीचं ड्रोन चालवते, बोलायला धीट. तिचे वडील बाबगोंडा पाटील पोह्यांची बशी हातात तशीच धरून बसले होते.

"पत्रिका आणलीय," मी म्हटलं.

"पत्रिका ऱ्हाऊ द्या ओ ताई. दाखला?"

मी दाखला दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"कागदावर माझा इश्वास न्हाई," ते म्हणाले. "थोरली 'क' गावात दिली. तवा कोन इचारत होतं! चार वर्सं झाली, पोरीची नुसती दवाखान्याची वारी चाललीय. आनि सासू म्हनती, खोट हिच्यातच हाय." आतल्या दारात एक बाई उभी होती, ती सरकून आत गेली. "तुमी सोता मोजता न्हवं? मग तुमच्या तोंडानं सांगा."

"अ," मी म्हटलं. "माझ्या या बोटांनी तपासलंय."

मी बोटं वर करून दाखवली. प्रणाली हसली. म्हणाली, "काकू, बोटं धुतलीत ना?" सगळे हसले, आणि पोहे खाल्ले गेले.

पत्रक क्र. : नाही
दिनांक : २८ जानेवारी
ठिकाण : आमचं स्वयंपाकघर
पकडलेला : श्रेयांस चौगुले, वय २७
लांबी : पाच फूट दहा इंच
लिंग : नर
शेरा : झटापट केली नाही. मागे पाहा.

(मागे)

संशय एकदा घरात शिरला की तो प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून बघतो.

सुरुवात भीमामामांनी केली. भीमा भोई, वय सत्तरीचं, मंडळाकडून घरट्यांवर राखण करतात. होडीत बसून बेटाकडं जात होतो.

"अक्का, येक इचारू? रागावू नगा."

"विचारा की मामा."

"तेचाळीस बाया म्हनता. मग गेल्या साली घरटी तीनच कशी?"

"वाळू उपसली ना सगळी. घालायची कुठं अंडी?"

"ह्या बेटावर हाय की वाळू. गाढवं लोळत्याल येवढी. बाया येत्यात, दिसभर ऊन खात्यात आनि जात्यात. माह्यारपनाला आल्यागत." त्यांनी वल्हं थांबवलं. "आनि ती सतरा नंबरची. ती पान्यावर डोस्कं आपटती. दानकन. ते गडी मगरीचं काम हाय."

"मादीही आपटते कधी कधी."

"आसंल बाबा. तुमी शिकल्याली."

मी ऐकलं ते एवढंच, की नदीत काहीतरी लपवालपवी चालू आहे. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. कोणीतरी माझ्या आधी मगरी पकडतं, खुरटे नर निवडून दुसरीकडं नेऊन सोडतं आणि चांगले तेवढे माझ्यासाठी ठेवतं. फायदा कोणाला? कारखान्याला. आतलं माणूस कोण?

डॉ. शिरगाव्यांना फोन केला. "साहेब, कोणीतरी वाईट नर उचलतंय."

"पुरावा?"

"एकही सापडत नाही, हाच."

ते दमल्यासारखे हसले. "बाई, मगरीच्या पिलाचं नर की मादी हे अंड्याच्या उबेवर ठरतं. बत्तीस-साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर निघतात. त्याच्या वर किंवा खाली गेलं की माद्या. दर उन्हाळ्यात वाळू जास्त तापतेय. माद्या वाढणारच. आणि नर थोडे म्हणून दमदार उरलेत. यात काळंबेरं काय आहे?"

उत्तर इतकं तयार होतं, की मला त्यांचाच संशय आला.

मग कारखान्याच्या फाटकावर दोनदा उभी राहिले. मग भीमामामांवरच नजर ठेवली, कारण रोज बेटावर जाणारा माणूस तोच. त्यांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी होडीत माझ्यासाठी अंथरायचं पोतं मात्र ठेवलं नव्हतं.

आणि मग श्रेयांस. तो त्याच रंगाच्या कारखान्यात, सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. हे मी आजवर अभिमानानं सांगायचे. अठ्ठावीस तारखेला दुपारी त्याच्या मोटरसायकलच्या डिकीतून पाणी गळताना दिसलं. उघडली. आत ओला दोर. चिकटपट्टीची दोन बंडलं, आम्ही जबड्याला लावतो त्याच जातीची. मी दोर आणि पट्ट्या ओट्यावर मांडल्या आणि तो जेवायला यायची वाट बघत बसले.

"हे काय आहे?"

त्यानं बघितलं. चप्पल काढायची राहिली. "तू माझी डिकी उघडलीस?"

"मगरी हलवता का तुम्ही? किती हलवल्या? कुठं नेऊन सोडता?"

"मगरी?" त्याला खरंच कळेना. "अगं आई, मला होडीत चढताना उलटी होते. मी मगर हलवणार?"

"मग दोर कशाला?"

"पुलावरून बाटल्या सोडायला. खोल पाण्याचे नमुने घेतो. पट्टी बाटल्यांच्या तोंडाला. पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवतो, माझ्या नावानं. कारखान्याला माहीत नाही."

"का?"

तो पाटावर बसला. ताट पुढं ओढलं नाही. खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्याकडं सरकवला. मी म्हशींत पंधरा वर्षं काढली आहेत, वीर्याचा अहवाल वाचायला मला चष्मा लागत नाही. आकडा निरोगी पुरुषाच्या दहाव्या हिश्शाचा होता.

"लग्न ठरल्यावर केली," तो म्हणाला. "उगाच. 'अ' गावचा, म्हणून मिरवायला. मग वाटलं आपल्याच नशिबाचं असेल. तालमीतल्या पोरांना पटवलं. पाच जणांनी केली. चौघांचं असंच. तो रणजित माहितीय ना, दंडावर नारळ फोडतो तो? त्याचं तर माझ्याहून कमी." त्याला हसू आलं, तसंच विझलं.

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुझा आकडा खरा असेल तर आमचे खोटे. आमचे खरे असतील तर..." तो दोराकडं बघत होता. "बोटांनी तपासलंय म्हणालीस ना तिथं. मला वाटलं, तुझ्यावर कोणाचं तरी दडपण असेल. तू खोटं लिहीत असशील."

मी त्याच्यावर एक दुपार संशय घेतला होता. त्यानं माझ्यावर दीड महिना.

पत्रक क्र. १७
दिनांक : ४ फेब्रुवारी, दुपारी १२.१५
ठिकाण : भोयांचा घाट
लांबी : २ मीटर ९४ सेंमी
स्थिती : मृत. वाळू उपसणाऱ्या यंत्राचा घाव.
लिंग : मादी (पहिली नोंद, अकरा वर्षांपूर्वी)
शेरा : शवविच्छेदन डॉ. शिरगावे. मागे पाहा.

(मागे)

शेपटीवरच्या खवल्यांना आम्ही खाचा पाडतो, ती तिची ओळख. सतरा. माझ्याच हातच्या खाचा.

घाटाच्या पायरीवर ताडपत्री टाकून शिरगाव्यांनी पोट उघडलं. भीमामामा बादलीनं पाणी ओतत होते. आतडी बाजूला केल्यावर पाठीच्या कण्याला लागून जिथं अंडाशय हवं होतं, तिथं पिवळट, लांबोडके, सुकलेल्या शेंगेसारखे दोन गोळे होते.

शिरगाव्यांनी सुरी खाली ठेवली. चष्मा वर ढकलला. पुन्हा बघितलं.

"वृषण," ते म्हणाले.

"काय?" भीमामामा म्हणाले.

"नर आहे हा."

"मग मी काय सांगत हुतो!" भीमामामांनी बादली पायरीवर आपटली. "डोस्कं आपटती म्हनलं न्हवं? डोस्कं आपटतो!"

मी हातमोजा चढवला. शेपटीच्या बुडाची ती फट उघडली, बोट सारलं. दाणा लागला. जसा अकरा वर्षांपूर्वी लागला होता. मग मी शिरगाव्यांना ती चिरायला सांगितली आणि पोलादी पट्टीनं मोजलं. एक सेंटिमीटर चार मिलिमीटर. एवढ्या थोराड नराचं तळहाताएवढं असायला हवं. डोकं एक्केचाळीस सेंटिमीटर. भागाकार मी तोंडीच केला. शून्य पूर्णांक शून्य तीन.

दाणा लागला तर मादी.

पायरी तापलेली होती, पण मी खाली बसले. कोणीही काही चोरलेलं नव्हतं. खुरटे नर कुठंच गेले नव्हते. ते माझ्याच पत्रकांत होते, माझ्याच अक्षरात, मादी म्हणून. जो नर जितका जास्त बिघडलेला, तितका तो माझ्या बोटाला मादी लागायचा. जे माझ्या बोटाला नर लागायचे ते आधीच चांगले. नऊपैकी नऊ पैलवान निघायला दुसरं काय लागतं?

"पण कडं?" मी म्हटलं. "कड्यानं कसं नाही पकडलं?"

कडं म्हणजे आमचं यंत्र. घोड्याच्या नालासारखं, शेपटीच्या बुडाला चढवायचं. आवाजाच्या लहरींनी आतलं चित्र काढतं, इंद्रिय मोजतं, नरमान सांगतं. चार मिनिटं लागतात. सुरू करताना पडद्यावर एकच प्रश्न येतो : नर की मादी? मादी दाबलं की ते मोजतच नाही.

 शिरगावे माझ्याकडं बघत होते, आणि मला आठवलं. नऊ वर्षांपूर्वीची बैठक. कडं नवीन आलं होतं. सगळ्या मगरींना लावायचं ठरत होतं. मी उभी राहून म्हटलं होतं, उन्हात उताणी पडलेली मादी, पोटात अंडी असतील, तिला उगाच चार मिनिटं कशाला छळायची? बोट आहे की. टाळ्या पडल्या होत्या. प्रश्न माझ्या दयेनं त्या यंत्रात बसवला होता.

"नियम तुमचाच आहे, बाई," शिरगावे हळू म्हणाले. त्यात टोचणी नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. "पण एक मगर म्हणजे अपवाद. जन्मजात व्यंग असू शकतं. एकावर श्रेणी हलत नाही. दोन निघाल्या तर फेरमोजणी लावावी लागेल."

"टाकीत ५२ आहे."

"माहीत आहे." त्यांनी हात धुतले. "दहा तारखेला सकाळी नऊला कडं लावू. मादी निघाली तर तिथंच सही करू आणि तुम्ही लग्नाच्या तयारीला लागा. मला आमंत्रण आहे ना?"

मी मान हलवली. आणि इथं खरं लिहायचं म्हणून लिहिते : तेव्हापासून मी मनात घोकत होते, ५२ मादी असू दे.

पत्रक क्र. : नाही
दिनांक : ९ फेब्रुवारी
ठिकाण : कोरेवाडी, पाटलांचा सोपा
पकडलेली : मी
शेरा : स्वतःहून पिंजऱ्यात आली. मागे पाहा.

(मागे)

"उद्या काय निघतंय ते बगून यायचं की!" बाबगोंडा पाटील सोप्यात येरझाऱ्या घालत होते. मी सतरा नंबरचं सगळं सांगून झाले होते. मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. "उद्या मादी निघाली म्हंजे? उगं आमच्या जिवाला घोर!"

"उद्या काहीही निघालं तरी मी तुम्हाला जे सांगितलं ते मोजलेलं नव्हतं, अण्णा. चाचपलेलं होतं."

"तुमच्या तोंडानं 'अ' म्हनलासा. ही बोटं वर केलासा."

"केली."

"माज्या थोरलीच्या टायमाला असं येऊन कोन सांगितलं न्हाई," ते म्हणाले आणि एकदम खाली बसले. राग कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

प्रणाली खांबाला टेकून उभी होती. "काकू, उद्या सही झाल्यावर बोलला असतात तर लग्न तरी झालं असतं."

"आजपर्यंत मी चुकत होते. उद्या गप्प बसून सही केली तर पहिल्यांदा फसवलं असतं."

तिनं ते ऐकलं, बाजूला ठेवलं. "श्रेयांसला माहीत होतं?"

मी गप्प. पंधरा वर्षं म्हशींच्या मालकांना वाईट बातमी सांगितली आहे. आपण किती वेळ गप्प बसतो त्यावरून माणसं बातमी ओळखतात.

"काय माहीत होतं त्याला?"

"ते त्यानं सांगायचं आहे."

"म्हणजे आहे काहीतरी." तिच्या डोळ्यांत आता तेच होतं, जे पंधरा दिवस माझ्या डोळ्यांत होतं. ती मागचा प्रत्येक फोन, प्रत्येक थट्टा उघडून आत बघायला लागली होती. "दोन महिने माझ्याशी रोज बोलतो. रोज!"

"प्रणाली..."

"त्याला सांगा, जे काय असेल ते घेऊन उद्या टाकीवर ये. त्याच्या हातून बघीन. तुमच्या तोंडून नको." ती आत वळली आणि थांबली. "तुमची बोटं खरंच धुतलेली नव्हती, काकू."

या वेळी कोणी हसलं नाही.

पत्रक क्र. ५२ (फेरतपासणी)
दिनांक : १० फेब्रुवारी, सकाळी ९.०५
ठिकाण : मंडळाची टाकी, मळीगाव

(मागे. पुढचे रकाने शेवटी भरले आहेत.)

टाकीवर शिरगावे होते, दोघे मजूर, भीमामामा. कारखान्याचा एक माणूस 'सहज' आला होता, नवा सदरा घालून. श्रेयांस कठड्याच्या एका टोकाला. प्रणाली स्कूटरवरून आली आणि दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

टाकीतलं पाणी काढलं. ५२ तळाशी पडली होती, पाय बरा झाला होता. दोरी, पट्टी. उताणी करताना एक मजूर घसरला, शेपटीचा फटका कठड्याला बसला, गिलावा उडाला. डोळ्यांवरचं पोतं निसटलं. मी ओरडले, "पोतं, पोतं धरा कोणीतरी!" प्रणाली जवळ होती. ती उतरली आणि तिनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. मगर गप झाली.

मी कडं चढवलं. पडद्यावर प्रश्न आला. नर की मादी?

हातमोजा खिशात होता. सवयीनं हात तिकडं गेला, मी तो मागं घेतला. बोटानं विचारायचं नव्हतं.

एक वाट अजून नियमातच होती. 'मादी' दाबायचं. कडं बंद. सही. मांडव. भीमामामांच्या शेजारी शिरगावे घड्याळ बघत होते. ५२चं पोट माझ्या गुडघ्यापाशी वरखाली होत होतं, पिवळं, मऊ. मी स्वतःशी म्हटलं, अंडी असतील गं तुझ्या पोटात. असू देत.

मग 'नर' दाबलं.

कडं घुमायला लागलं. चार मिनिटं म्हणजे किती ती मी पहिल्यांदाच एका 'मादी'शेजारी बसून काढली. नऊ वर्षं मी ज्या वेळेपासून त्यांना वाचवत होते ती हीच. ५२ला काहीसुद्धा झालं नाही. ती नुसती पडून होती.

तेवढ्यात श्रेयांस टाकीत उतरला. त्यानं घडी घातलेला कागद प्रणालीपुढं धरला. तिचे दोन्ही हात पोत्यावर होते. "उघड," ती म्हणाली. त्यानं उघडून तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती वाचत होती. तो कागद धरून उकिडवा बसला होता.

"कधीचा आहे?"

"अकरा डिसेंबरचा."

"त्या दिवशी आपण साडीच्या रंगावर भांडलो होतो."

"हो."

तिनं पोतं सोडलं नाही.

कडं थांबलं. पडद्यावर आधी चित्र आलं : कण्यापाशी दोन लांबोडक्या सावल्या. "वृषण," शिरगावे म्हणाले. मग आकडा. शून्य पूर्णांक शून्य चार.

कारखान्याचा माणूस मोबाइल कानाला लावून फाटकाकडं निघाला. भीमामामा माझ्याशेजारी येऊन बसले, बऱ्याच दिवसांनी.

"दोन झाल्या," शिरगावे म्हणाले. त्यांनी दाखल्याचा कोरा कागद पिशवीत परत ठेवला. "फेरमोजणी लावतो. गावाला काय सांगायचं?"

"मी सांगते," मी म्हटलं. तालमीपासून सुरुवात करावी लागेल. मग घरोघर. पोरांच्या आया मला काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

बावीस तारखेचं काय, ते अजून कोणी बोललेलं नाही. मी वर चढून आले तेव्हा प्रणाली टाकीतच होती. श्रेयांसनं पोत्याची दुसरी बाजू धरली होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती, आणि त्याला जा असंही म्हणत नव्हती.

पुढची बाजू भरते.

लांबी : २ मीटर ७१ सेंमी
लिंग : ~~मादी~~ नर
नरमान : ०.०४
श्रेणी : स्थगित
शेरा (वीस शब्दांत) : उरलेल्या एक्केचाळीस पत्रकांतली 'मादी' मोजलेली नाही, मानलेली आहे. मानणारं बोट माझं. सगळ्या पुन्हा पकडाव्या.